मास्तरांच्या गाडीची काच

१

मास्तरांना जाऊन दहा दिवस झाले होते आणि त्यांच्या गाडीच्या पुढच्या काचेवरून त्यांच्या दोन मुलांची जुंपली होती.

"बदलायची," मुलगा म्हणाला. "आजच्या आज. आणि जुनी काच इथे ठेवू नका, काका. फोडून टाका."

"काही बदलायची नाही," मुलगी म्हणाली. "दुरुस्त होत असेल तर करा. कोपऱ्यातला तो शिकाऊ गाडीचा लाल एल आप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवलाय."

भिंगकाका दोघांच्या मधे फडकं घेऊन उभे होते. गाडीच्या काचांचं काम करण्यात त्यांची हयात गेली होती. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. खरं नाव बहुधा टपालवाल्यालाच ठाऊक असावं. एरवी असं भांडण त्यांनी मिटक्या मारत ऐकलं असतं. आज मात्र त्यांना मान वर करवत नव्हती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, भिंगकाकांनासुद्धा. त्यांच्या गाडीला हॉर्न नव्हता. म्हणजे होता, पण मास्तरांनी त्याची वायर काढून ठेवली होती. "हॉर्न हा आळशी माणसाचा ब्रेक आहे," असं ते म्हणत. शिकणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, वेग कमी करायचा, वाजवत सुटायचं नाही. चूक झाली तरी मास्तर तोंडाने ओरडत नसत. खिशातला दहा-अकराचा पाना काढायचे आणि समोरच्या काचेवर दोनदा हलकेच वाजवायचे. टक, टक. त्याचा अर्थ, थांब आणि बघ. तो आवाज ऐकला की क्लचवरचा पाय आपोआप खाली जायचा. शिकून वीस वर्षं झालेली माणसंही भांड्याचा तसा आवाज झाला तरी दचकत.

असे मास्तर दहा दिवसांपूर्वी सकाळी साडेनऊच्या सुमारास, पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर, आपल्याच गाडीत स्टीअरिंगवर डोकं टेकून गेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण काचेवर आरशाखाली मोठा टवका उडाला होता, त्यातून दोन तडे फुटले होते, आणि गाडीच्या पुढे खडीने भरलेला डंपर उभा होता. लोकांनी दोन आणि दोन चार केले. डंपरमधली खडी उडाली, काचेवर बसली, म्हाताऱ्या माणसाने धसका घेतला.

दुसऱ्या दिवशी विम्याचे साहेब मोबाईलवर काचेचा फोटो घेऊन भिंगकाकांकडे आले होते. काकांच्या हातात तेव्हा दुसऱ्या गाडीचं काम होतं. त्यांनी फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "दगडाचाच घाव आहे हो. चाळीस वर्षं हेच बघतोय." तेवढ्या एका वाक्यावर कंत्राटदाराने डंपरवाल्याला घरी बसवलं होतं.

आज गाडी प्रत्यक्ष समोर आली होती. विम्याचे साहेब पाच वाजता येणार होते. काच दुरुस्त करायची की बदलायची, आणि ती फुटली कशाने, हे त्यांना सहीनिशी लिहून हवं होतं. एकदा सही झाली की डंपरवाला कायमचा बुडाला असता.

भिंगकाकांनी बॉनेटवर ओणवं होऊन टवक्यावरून बाहेरच्या बाजूने नख फिरवलं. दगड लागला असेल तर नख खळग्यात अडकतं. ते अडकलं नाही. काच बाहेरून आरशासारखी गुळगुळीत होती.

काकांनी पुन्हा एकदा नख फिरवलं. तरीही अडकलं नाही.

२

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. मला वेळ लागेल. गाडी राहू दे इथे."

"वेळ कशाला?" मुलगा उसळला. "काच काढायची, नवी लावायची. यात बघण्यासारखं काय आहे?"

"बाबा रे, दाढदुखीला आपण सांगतो का डॉक्टरला, उपटच म्हणून? आधी बघू दे की."

मुलगी कसनुशी हसली. मुलाने घड्याळ पाहिलं. तो पाणीखात्यात कारकून होता. त्याचं ऑफिस त्याच चढाच्या वरच्या टोकाला होतं, हे काकांना माहीत होतं.

"तू त्या दिवशी जवळच होतास, नाही का रे?" काकांनी सहज विचारलं.

"ऑफिसात होतो. नऊ वाजल्यापासून. निरोप आला तेव्हा धावत सुटलो, तर तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी तसाच दवाखान्यात गेलो." त्याने ओठ आवळले. "गाडीकडे बघायचं भानही नव्हतं. चारही काचा वर लावलेल्या, आत हवा नाही, वारा नाही, त्यात ती खडी... माणूस गुदमरणार नाही तर काय?"

"आणि ताई, तू?"

"मी घरीच होते. शिवणाचा क्लास चालू होता. गाडी दोन दिवस तशीच रस्त्यावर उभी होती, मग शेजाऱ्यांनी आणून दिली. काचा सगळ्या खाली, आत ही धूळ! परवा पुसायला घेतली तर हे झालं." तिने उजव्या हाताचं बोट दाखवलं. त्यावर पट्टी होती. "काचेखालच्या फळीवर बारीक कच होती. दिसलीच नाही, आणि कचकन बोटात घुसली."

"काचेची कच? आतल्या बाजूला?"

"हो. का?"

भिंगकाकांनी वाकून त्या फळीकडे पाहिलं. त्यांनी दोघांना दुपारी चारला यायला सांगितलं. जाताना मुलगी दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, त्याच्यावर रागावू नका. आप्पांशी चार महिने बोलत नव्हता तो. डॉक्टरांनी आप्पांना गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. याने किल्ली मागितली. आप्पा म्हणाले, मला शिकवतोस? झालं. दोघंही एकाच मातीचे. आता त्याला ती गाडी डोळ्यांसमोर नको झालीये."

ती गेल्यावर काका गाडीत जाऊन बसले. चालवणाऱ्याच्या जागी नाही, शेजारच्या. तीस वर्षं मास्तर त्याच जागी बसत.

गाडीची पुढची काच ही एक काच नसते. दोन काचा असतात आणि त्यांच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. दगड लागला तर बाहेरची काच फुटते, आतलीला धक्का लागत नाही. अशा टवक्यात सुईने पातळ रेझिन भरता येतं, आणि काच वाचते. पण घाव आतल्या काचेवर असेल तर कितीही मोठा कारागीर असला तरी त्याच्या हातात काही नसतं. काच बदलावीच लागते.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आतून नख फिरवलं.

नख अडकलं. चांगलं मुगाच्या दाण्याएवढ्या खळग्यात अडकलं.

म्हणजे कुठला दगड आणि कुठली खडी! काच आतून फुटली होती. आणि गाडीत मास्तरांशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.

३

जेवणाच्या सुट्टीत डंपरवाला आला. आला म्हणजे काय, रस्त्यापलीकडे उभा राहिला. काकांनी हाताने बोलावलं तेव्हा तो आत आला आणि चप्पल बाहेर काढून ठेवली, जशी काही ती काचांची वखार नव्हती, देऊळ होतं.

"बस," काका म्हणाले.

"बसत नाही, काका. एकच विचारायला आलोय. माझी खडी लागली का त्यांना?" त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "वर ताडपत्री बांधलेली होती, मी स्वतः बांधतो. पण आता सगळे म्हणतात, तर मलाच वाटायला लागलंय की एखादा खडा सुटला असेल. रात्री झोप लागत नाही. माणूस मारलास म्हणतात हो मला."

दहा दिवस या माणसाचं अन्नपाणी गोड लागलं नसेल, आणि ते आपल्या एका वाक्यामुळे. काकांना तोंड दाखवायची लाज वाटली. पण आधी काम होतं.

"नीट आठव आणि सांग. तू तिथे पोचलास तेव्हा गाडी चालत होती का?"

"कुठे चालत होती! कडेला उभीच होती. मी चढ चढत होतो. बघितलं, तर म्हातारबुवा स्टीअरिंगवर पडलेले. म्हणून तर पुढे जाऊन डंपर थांबवला. मी थांबलो नसतो ना काका, तर माझं नावही कुणी घेतलं नसतं."

"मग?"

"मग दार उघडलं. अंगाला हात लावला, कोमट होतं. हवा मिळावी म्हणून सगळ्यात आधी चारही काचा खाली केल्या. जुनी गाडी, हँडल गरागरा फिरवावं लागतं. मग ओरडून माणसं गोळा केली."

भिंगकाकांचा हात भिंगावरच थांबला.

"तू यायच्या आधी तिथे कोणी होतं?"

"कोणी नव्हतं. सगळे मी ओरडल्यावर आले."

"म्हणजे जो कोणी नंतर आला, त्याने गाडी पाहिली ती खाली केलेल्या काचांचीच."

"हो. का हो?"

काका मनाशी जुळवत होते. घरी आणलेल्या गाडीच्या काचा खाली होत्या, असं मुलगी म्हणाली होती. गाडीकडे बघितलंच नाही म्हणणाऱ्या माणसाने मात्र सांगितलं होतं, काचा वर होत्या.

आणि त्या वर होत्याच. फक्त डंपरवाला येण्याआधी.

४

पाना सापडायला फार वेळ लागला नाही. तो चालवणाऱ्याच्या सीटखाली, रुळाच्या फटीत अडकला होता. दहा-अकराचा, झिजून गुळगुळीत झालेला. त्याच्या तोंडाला पांढरी भुकटी चिकटली होती. काकांनी भिंगातून पाहिलं. काचेचीच होती.

गाडीत बसून त्यांनी ती सकाळ पहिल्यापासून उभी केली. छातीत कळ येते. मास्तर गाडी कडेला घेतात, शिस्तीचा माणूस, कडेलाच घेणार. समोरून कोणीतरी चालत जाताना दिसतं. हाक मारायला श्वास पुरत नाही. खिडकीची काच खाली करायची तर हँडल फिरवत बसावं लागेल, तोवर माणूस निघून जाईल. दुसरा कोणी असता तर त्याने हॉर्न दाबला असता. मास्तरांनी हॉर्नची वायर स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती.

खिशात पाना होता.

साधा वाटसरू असता तर आवाज ऐकून वळला असता. काचेवर कोणी ठकठक केलं की कुणीही वळतं. तो आवाज ओळखूनही न वळणारा माणूस एकच असू शकत होता.

मुलगा साडेतीनलाच आला. एकटा.

"काढली का काच?"

"बस इथे," काका म्हणाले आणि पाना त्याच्या समोर स्टुलावर ठेवला. वाजवला नाही, नुसता ठेवला.

मुलाचा चेहरा राखेसारखा झाला.

"काच आतून फुटलीये," काका म्हणाले. "आणि काचा वर होत्या हे डंपरवाल्याशिवाय कुणाला दिसायला नको होतं. तुला दिसलं."

तो नाही म्हणेल, भांडेल, निघून जाईल, असं काकांना वाटलं होतं. खरं तर तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मुलगा स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसला.

"उशीर झाला होता मला," तो म्हणाला. "सव्वानऊ झाले होते. गाडी ओळखली मी. आप्पा आत बसलेले दिसले. मला वाटलं, ऑफिसच्या दारात गाठून सगळ्यांसमोर माझा उद्धार करायला आलेत. गाडीच्या पुढूनच गेलो, दहा पावलांवरून. टक, टक झालं. मी मान खाली घातली. काचा वर आहेत हे बघून मला बरं वाटलं, काका. म्हटलं, निदान बोलणं तरी ऐकू येणार नाही."

"मग?"

"परत दोनदा झालं. मग एकच, मोठा. मला वाटलं, चिडलेत. मी आणखी भरभर चालायला लागलो." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "टेबलावर डबा ठेवला, पंखा लावला, फायली काढल्या. आणि अर्ध्या तासाने निरोप आला."

बाहेरून कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज आला आणि गेला.

"डंपरचं ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कुणीतरी दुसऱ्याने केलंय म्हटल्यावर..."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा, असं क्षणभर काकांच्या मनात आलं. दुसऱ्या क्षणी त्यांना तो मोबाईलवरचा फोटो आठवला. फोटोला नख लावता येत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांत कळायला हवं होतं. न बघता पुढे गेलेला हा एकटाच नव्हता.

"मी विम्याच्या साहेबांना लिहून देणार आहे," ते म्हणाले. "घाव आतून आहे, डंपरचा संबंध नाही, काच बदलावी. आणि आधी फोटो बघून बोललो ती माझी चूक, हेही. रस्त्याने कोण गेलं ते लिहिणार नाही. ते काच सांगत नाही. ते तू सांगायचंस."

"कुणाला?"

दारात मुलगी उभी होती. चार वाजले होते.

५

ती कधी आली आणि तिने किती ऐकलं, हे काकांनी विचारलं नाही. ते आपली सुरी आणि तार घेऊन गाडीकडे वळले. काम करणाऱ्या माणसाला एक बरं असतं, पाठ फिरवता येते.

"ताई, मला तुला सांगायचंय," मागून आवाज आला.

"सांग."

त्याने सगळं सांगितलं. काकांना सांगितलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. काका काच चिकटवून धरणारं कडेचं जुनं सीलंट कापत राहिले. तार ओढताना होणाऱ्या करकर आवाजात त्यांना काही ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलंच.

मुलगी म्हणाली, "ते भांडायला नव्हते आले रे. सकाळी मला म्हणाले, जिंकला तुझा भाऊ, आज किल्ली त्याच्या हातात देऊन येतो. येताना चालत येईन, म्हणाले. चपलासुद्धा चालायच्या घालून गेले होते."

"हे तू सांगितलं नाहीस मला."

"तुला आणखी त्रास कशाला, म्हणून नाही सांगितलं."

काकांनी काच अलगद उतरवली. मागच्या मशीनवर लाल एलचा वीतभर कोपरा कापून घेतला, कडा घासून बोथट केल्या आणि फडक्यात गुंडाळून मुलीच्या हातात दिला. नव्या काचेला सीलंट लावून ती बसवली, दाबली, पट्ट्या चिकटवल्या. पाच वाजता विम्याचे साहेब आले. काकांनी त्यांच्या कागदावर ठरल्याप्रमाणे लिहिलं आणि सही केली. त्याची दुसरी प्रत काढून ते स्वतः रस्त्यापलीकडे दुपारपासून थांबलेल्या डंपरवाल्याकडे गेले.

त्याने कागद दोनदा वाचला.

"दहा दिवस मी तुला छळलं," काका म्हणाले. "उद्या कंत्राटदाराकडे मी तुझ्याबरोबर येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"या," तो म्हणाला. माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि गेला.

काका परत आले तेव्हा मुलगी गाडीत बसली होती, शेजारच्या सीटवर. भाऊ बाहेर उभा होता.

"आज दारं आपटायची नाहीत," काकांनी नेहमीचं सांगितलं. "खिडक्या चार बोटं उघड्या ठेवायच्या. आतली हवा दाबली तर नवी काच सुटते. आणि काचेला हात लावायचा नाही."

कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे. मुलगा खिशातून हात काढून म्हणाला, "ताई, गाडी तू घेऊन जा. मला बघवणार नाही. मी जातो." आणि गाडीच्या पुढून, मान खाली घालून, रस्त्याच्या दिशेने चालायला लागला.

मुलगी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. खिडक्या चार बोटं उघड्या होत्या. तिला हाक मारता आली असती. पण तिने स्टुलावरचा पाना केव्हा उचलून नेला होता ते काकांना आत्ता दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा ओल्या सीलंटच्या काचेला कुणी हात लावत असताना ते गप्प बसले.

टक, टक.

तो थांबला. वळला आणि गाडीकडे बघत उभा राहिला. गाडी तीच होती, आवाज तोच होता, आणि दहा दिवस उशीर झाला होता.